अंडाबॉलचे नियम

२ डिसेंबर १९६३, सोमवार

बॉल आहे का कोहळं! प्रेमलालनं पिशवीतून काढलं तेव्हा मले वाटलं, बैहरच्या बाजारातून भाजी घेऊन आला. उकव्याच्या खाणीत कारकून आहे तो, माह्यासंगच शिकला. खाणीतला गोरा साहेब आपल्या देशी गेला, बंगला खाली झाला, अन् हे कातड्याचं अंडं मागं राह्यलं. संग नियमांचं एक पातळ इंग्रजी पुस्तक. "रग्बी म्हणतात याले. तू परसवाड्याच्या शाळेत खेळ शिकवतं ना, तुह्याच कामाचं," म्हणे, अन् परतीच्या बसनं चालता झाला.

अंगणात टाकून पाह्यलं. एक टप्पा डावीकडं, दुसरा उजवीकडं, तिसरा सरळ चुलीत! जिजा म्हणे, "चिरू का याले?" साधनानं राखेतून काढला, पोटाशी धरला अन् अंगणभर पळाली. माही पोरगी! दहाची आहे, पण पायात काय जोर आहे!

५ डिसेंबर

डिक्शनरी घेऊन पुस्तक वाचून राह्यलो. कोण्या येड्यानं बनवला हा खेळ? पळायचं समोर अन् बॉल फेकायचा मागं! हातून समोर पडला तरी चूक. बॉलच्या समोर आपला गडी उभा राह्यला तरी चूक. शेवटच्या रेघेपलीकडं जमिनीले टेकवला की तीन गुण. ज्याच्या हाती बॉल, त्याले समोरच्यायनं कंबरेत धरून पाडायचं. पडला की त्यानं बॉल सोडायचा. अन् मधी मधी सारे खांद्याले खांदा लावून, एकमेकाच्या गळ्यात हात घालून रेटारेटी करतात. तिचं इंग्रजी नाव माह्या तोंडात बसत नाही. मी त्याले झोंबी म्हणणार.

वाचता वाचता आवडून गेला, खरं सांगतो. आपल्या कबड्डीचाच कोणी दूरचा भाऊ असन.

८ डिसेंबर, रविवार

घनश्याम हेडमास्तरांच्या घरी गेलतो. माणूस चांगला, पण भित्रा. "मेश्रामजी, खेळ बढिया है, पण एका पोट्ट्याचा हात मोडला तं त्याचा बाप माही मान मोडन." बरोबरच आहे. पुस्तकात सारे नियम मोठ्या बाप्या माणसांचे. तिसरीतल्या चिमुकल्यायले सातवीचा धिप्पाड गडी पाडन तं काय उरन?

म्हणून दुपारभर बसून मीच नियम पाडले. वयावर. चिमुकल्यायनं धरायचंच नाही — बॉलवाल्याच्या पाठीले दोन्ही हात लागले की तो थांबला. एक हात चालणार नाही, दोन्ही! चौथी-पाचवीच्या मधल्यायनं कंबरेले मिठी मारून थांबवायचं, पण पाडायचं नाही. पाडलं तं शिट्टी, अन् पाडणारा बाहेर. सहावी-सातवीचे पाडू शकतात, पण कंबरेच्या खालून. गळ्याले हात घातला का गडी घरी! झोंबी चिमुकल्यायले नाहीच. मधल्यायची तीन-तीन पोरांची, तेही नुसतं टेकून, रेटारेटी बंद. पंधरा-पंधरा पोरं कुठून आणू? सात-सात बस्स.

हेडमास्तरांनी दोनदा वाचलं. "छब्बीस जनवरीले दाखवू शकान?" काहून नाही! हौ म्हणून आलो.

११ डिसेंबर

पह्यला दिवस! चैतराम पटेलांची शाळेमागची बांधी धान कापून रिकामी झाली. त्याहीनं वापराले दिली. धसकटं पायाले टोचतात, पण जागा मस्त. इकडचा मातीचा उंच धुरा एक रेघ, तिकडचा धुरा दुसरी. धुऱ्यापलीकडं टेकवला की तीन गुण. पोट्ट्यायनं नाव बी पाडून टाकलं — अंडाबॉल!

मागं फेकायचं काही डोक्यात शिरेना. सारे समोर फेकून राह्यले. शिट्टी वाजवून वाजवून माहे गाल दुखले. मंग सुचलं. म्हटलं, "धानाच्या रोवणीत कसे चालता रे?" पुष्पलता, पटेलांचीच पोरगी, पाचवीत आहे, म्हणे, "उलटं चालतो गुरुजी, मागं मागं." "अन् कोणी ओळीच्या समोर गेलं तं?" "तं रोप तुडवते! मार खाते!" — बस्स! म्हटलं, बॉल म्हणजे ओळ. ओळीच्या समोर कोणी जायचं नाही. सारं मागून. एका घडीत समजलं साऱ्यायले. साहेबाच्या देशात रोवणी नाही, म्हणून त्याहीले पुस्तक छापा लागलं!

अन् माही साधना! बॉल हाती आला की या धुऱ्यावरून थेट त्या धुऱ्यावर. सारे इकडं तिकडं, अन् ही मधातून सरळ. मी गुरुजी आहे हे विसरून टाळ्या वाजवल्या.

१३ डिसेंबर

आजही साधनाच. कोणी जवळ फटकलं नाही!

१७ डिसेंबर

प्रेमलालचा निरोप आला. छब्बीस जनवरीले खाणीच्या कॅम्पातली पोरं घेऊन येतो म्हणे, सामना होऊन जाऊ द्या. येऊ दे! त्याले बसवाल्याच्या हाती सांगून पाठवलं — माह्या पोरीले पकडून दाखव म्हणा तुह्या पोट्ट्यायले.

सात वर्षं झाली धम्मदीक्षेले. नागपूरले मैदानावर उभा होतो तेव्हा साधना जिजाच्या कडेवर होती, पाण्यासाठी रडून राह्यली होती. आज पटेलांच्या बांधीत तीच पोरगी साऱ्यायच्या पुढं पळून राह्यली. गावात लोक मले गुरुजी म्हणतात, पटेल बी म्हणतात. गेलं ते जुनं. माह्या बापानं पाह्याले पाह्यजे होतं हे!

पण पोरगी जेवताना म्हणे, "बाबा, मले नाही खेळा लागत."

"काहून?"

"असंच."

असंच! पायात एवढा जोर, अन् म्हणे असंच! रागावलो मी. लाजते, दुसरं काही नाही. जिजा चुलीकडं तोंड करून बसली होती. तिले खेळातलं काय समजते.

२० डिसेंबर, शुक्रवार

जिजा आज बांधीच्या कडेले धानाची लोंबं वेचाले आली होती. खेळ पूर्ण पाह्यला. मी घरी आलो तं लोटा देता देता म्हणे, "अजी, एक सांगू? तुमी पोरीच्या पायाकडं पाह्यता. मी पोट्ट्यायच्या हाताकडं पाह्यलं."

"काय त्यात?"

"जवळ येतात अन् हात मागं घेतात."

मी भडकलो. म्हटलं, तुले जिकडंतिकडं तेच दिसते! मी रोज तिथं उभा असतो, मले दिसत नाही का? अजूनही तेच धरून बसली आहे तू! ती म्हणे, "नमस्ते बी दुरूनच होते, अजी. तुमच्या हाती खडू कोणी देत नाही, टेबलावर ठेवतात." अन् भाकरी थापाले बसली.

बायकांचं डोकं!

२१ डिसेंबर

आज हाताकडं पाह्यलं.

पुष्पलता आली. पळते चांगली, साधनाच्या बरोबरीनं पोहचली, हात दोन्हीकडून पसरले. आता मिठी मारायची अन् झालं. अन् तिथंच हात आखडले. विस्तवाजवळ गेल्यासारखे. तिच्यामागून तिच्या वर्गातलं महागूचं पोट्टं आलं, त्यानंही तेच. तिसरा तं नुसता बाजूले सरकला, वाट दिली. साधना धुऱ्यापलीकडं गेली, टेकवला, तीन गुण. टाळ्या वाजवाले माहे हात वर आले होते. ते तसेच राह्यले.

दुसऱ्या कोणाच्या हाती बॉल आला की झोंबतात, लोळतात, एकमेकाच्या अंगावर पडतात. मधल्यायले पाडायचं नाही म्हणून मीच शिट्ट्या मारतो. अन् माही पोरगी मधातून एकटी. दहा दिवस मी टाळ्या वाजवल्या!

घरी येता येता विचारलं, "साधना, तुले माहीत होतं?"

"हौ."

"कधीपासून?"

"पह्यल्याच दिवसापासून."

"मंग पळत काहून होती बाई?"

"तुमी टाळ्या वाजवत होते ना."

२२ डिसेंबर

जेवण गेलं नाही. दुसरं काही लिहीत नाही.

२४ डिसेंबर

हेडमास्तरांकडं गेलो. म्हटलं खेळ बंद करतो. त्याहीले सारं आधीच माहीत होतं! साऱ्यायले माहीत होतं, मीच एक शहाणा. त्याहीनं दार लोटलं, मले खुर्ची दिली, अन् हळूच म्हणे, "मेश्रामजी, एक तरकीब है. रुमाल. प्रत्येकानं कंबरेले मागून एक रुमाल खोचायचा. ओढला की गडी थांबला. अंगाले हात लावाचं कामच नाही! वयाचे नियम तं तुमीच पाडले, त्यात आणखीन एक. कोणाचे हातपाय मोडणार नाहीत, पटेल नाराज होणार नाहीत, अन् तुमची पोरगी बी..." वाईट मनानं नाही म्हटलं त्याहीनं. मले मदतच करून राह्यले होते.

अन् तरकीब खरंच चांगली आहे! लहान पोरांले मजा येईन. सामना होईन, झेंडा होईन, कोणाले काही बोला लागणार नाही. घरी येईपर्यंत मी अर्धा तयार झालो होतो. जिजाले जुनं लुगडं मागतलं, रुमाल फाडाले.

२५ डिसेंबर

शाळेले सुटी. लुगडं फाडून राह्यलो तं साधना समोर येऊन बसली. समजावून सांगतलं तिले — रुमाल ओढला की थांबायचं, सोपं.

एक रुमाल उचलून कंबरेले लावून पाह्यला. मंग म्हणे, "म्हणजे मले कधीच पकडा लागणार नाही त्याहीले."

मी म्हटलं, "तुले काय पकडूनच घ्याचं आहे?"

"हौ! पकडलं तं मी सुटून दाखवतो ना. कोणी पकडतच नाही तं सुटू कोणापासून?"

मी कातर खाली ठेवली. जिजा म्हणे, "फाडलं तेवढं पोतेऱ्याले घेतो." अन् हसली. लय दिवसांनी हसली.

२ जानेवारी १९६४

हेडमास्तरांले सांगून आलो — रुमाल नाही. चिमुकल्यायले पाठीवर दोन हात, मधल्यायले कंबरेत मिठी, मोठ्यायले पाडणं. जे लिहिलं तेच. ते म्हणे, "और पकडा नहीं तो?" म्हटलं, "तं हारतीन!" मी भाषण देणार नाही, कोणाले मारणार नाही, कोणाच्या घरी जाणार नाही. खेळात एकच शिक्षा असते — हार. फळ्यावर खडूनं रोज लिहिणार, कोण हरलं.

साधनाले विचारलं, पळशीन का? म्हणे, "पळतो. पण टाळ्या नका वाजवू."

६ जानेवारी

पुष्पलता रोज हरून राह्यली. मुद्दामच साधनाच्या विरुद्ध ठेवलं तिले. अन् ही पोरगी हार पचवणाऱ्यातली नाही! आज फळ्यावरचं पाहून बॉल आपटला. "गुरुजी, साधनाले आमच्याकडं द्या!"

"नाही."

"मंग आमी कसे जिंकू?"

"पकड ना मंग तिले!"

पुष्पलताचे कान लाल. मंग खालमानेनं म्हणे, "गुरुजी, माय घरात घेत नाही. आधी आंघोळ करा लागते. डोक्यावरून. थंडी लय आहे ना."

मले हसू आलं अन् रडू बी आलं, खरंच. केवढे मोठे ग्रंथ, केवढी भाषणं — अन् पोरीची अडचण काय, तं जानेवारीत थंड पाणी! तिच्या मनात साधनाबद्दल काहीच नाही. मायनं सांगतलं, बस्स.

साधनानं ते ऐकलं. तिच्याकडं पाहून म्हणे, "तुही माय पाणी तापवत नाही का?" पुष्पलता म्हणे, "तापवते, पण सकाळीच." दोघी बोलल्या! हातभर अंतर ठेवून, पण बोलल्या.

१० जानेवारी

चैतराम पटेल आले होते. धुऱ्यावर उभे, हातात काठी. बांधी त्यायची. उद्या काट्या लावून देतीन तं मी काय करणार? खेळ तिथंच संपते.

पाह्यत राह्यले. साधनानं दोनदा टेकवला. पटेल मिशीवर हात फिरवत म्हणे, "गुरुजी, माही पोरगी रोज काहून हरते? घरी येऊन भांडी आपटते!"

सांगू का नाही, सांगू का नाही — अन् सांगून दिलं. "पटेल, ती पकडत नाही म्हणून. पकडायचं तं आंघोळीचं भेव आहे तिले."

पटेलांनी काठी जमिनीत रोवली, उपटली. मंग म्हणे, "पळते चांगली तुमची पोरगी." अन् निघून गेले. चांगल्या मनानं म्हटलं का वाईट, समजलं नाही.

११ जानेवारी

बांधी उघडीच आहे. काट्या नाहीत!

१४ जानेवारी, संक्रांत

पटेलांकडून शाळेत तिळाचे लाडू आले. पुष्पलतानंच वाटले. साऱ्यायच्या हातावर ठेवले, साधनाच्या हातावर वरून सोडला. लाडू फुटला, अर्धा खाली. पुष्पलता त्या तुकड्याकडं पाह्यत राह्यली. मंग दुसरा काढला, अन् हा सोडताना हात खाली आणला. लागला नाही, पण बोटभरच राह्यला होता.

मी खिडकीतून पाह्यलं. जिजाले सांगतलं तं म्हणे, "तुमी बी हाताकडं पाहाले लागले तं!"

१९ जानेवारी

उकव्याचे पोट्टे तयार आहेत म्हणून प्रेमलालचा निरोप. इथं कोण कोणाच्या घरचं, त्याहीले काय माहीत, ते साधनाले धरतीनच. चांगलंच आहे. पण मन भरत नाही. परक्यानं धरलं अन् आपल्यानं सोडलं, त्यात काय आहे? मले पुष्पलताचीच मिठी पाह्यजे. झाला मी लालची!

मोठ्यायची झोंबी मस्त जमली. मधल्यायच्या झोंबीत तीन पोरं लागतात, अन् साधनाच्या बाजूले कोण खांदा लावणार म्हणून सारे एकमेकाकडं पाह्यतात. शेवटी महागूच्या पोट्ट्यानं कोपर लावलं. फक्त कोपर. लिहून ठेवतो — कोपर बी काही कमी नाही.

२५ जानेवारी, शनिवार

शेवटची तालीम. पटेल धुऱ्यावर, हेडमास्तर खुर्ची टाकून, जिजा कडेले उभी.

दोन्हीकडं सारखे गुण. ज्यानं आता टेकवला तो जिंकला. बॉल मागून मागून येत साधनाच्या हाती आला. ती निघाली. एकानं वाट दिली, दुसऱ्यानं हात आखडले — रोजचंच. धुरा पाच पावलांवर. पुष्पलता मागून येऊन राह्यली होती, तोंडानं काही तरी शिव्या देत, खरंच शिव्या देत! हात पसरले. मी म्हटलं, आता आखडन.

नाही आखडले. पोरीनं झेपच घेतली! दोन्ही हात कंबरेत, डोकं पाठीत, अन् दोघी धाडकन धसकटात. बॉल तिकडं, साधना खाली, पुष्पलता तिच्या अंगावर. धूळच धूळ.

मधल्यायले पाडायची मनाई आहे. मीच लिहिलं. पाडलं तं शिट्टी, अन् पाडणारा बाहेर. शिट्टी माह्या दातातच होती. वाजवाले हवा कुठून आणू? डोळ्यातून पाणी येऊन राह्यलं होतं, अन् सारे माह्याकडं पाहून राह्यले, गुरुजी वाजवत काहून नाही!

साधनाचा गुडघा सोलटला, रक्त निंगलं. उठली अन् काय म्हटलं असन? "बाबा, फाऊल आहे! शिट्टी काहून नाही वाजवली?" अन् अशी हसली, अशी हसली! पुष्पलता बी हसाले लागली. तिच्या वेणीत धानाची काडी अडकली होती. "फाऊल तं फाऊल," म्हणे, "पकडलं ना पण!"

जिजानं पदर डोळ्याले लावला. मी टाळ्या नाही वाजवल्या, पोरीले कबूल केलं होतं. पटेल आपल्या पोरीले घेऊन गेले. जाताना पुष्पलतानं मागं वळून पाह्यलं. घरी गेल्यावर तिचं काय झालं असन? सांजेची वेळ, थंडी ही अशी. बिचारीले डोक्यावरून गार पाणी घ्या लागलं असन, माह्या खेळापायी.

२६ जानेवारी

उकव्यासंग हरलो. हरू दे! सकाळी झेंड्याच्या रांगेत पुष्पलता साधनाच्या बाजूले येऊन उभी राह्यली. कपडे धुतलेले, तोंड धुतलेलं. वेणी कालचीच, अन् तीत धानाची काडी तशीच.